अंगाला नाही, टी-शर्टला वास येतोय

पत्र असं आहे:

"आक्का, नमस्कार. मी हिंगोली जिल्ह्यातला. पोलीस भरतीच्या तयारीसाठी नांदेडला चौघांत खोली करून राहतो. रोज पहाटे मैदानावर पळायला जातो. दोन वेळा अंघोळ करतो, कपडे रोज धुतो, तरी पळायच्या टी-शर्टला वास येतो. धुऊन वाळला की काही नसतं, पण अंगात घालून दहा मिनिटं झाली की भपका सुटतो. पावसाळ्यापासून जास्तच झालंय. पार्टनर लोकांनी माझी कपड्यांची दोरी खोलीबाहेर लावली. धुण्याची पावडर दुप्पट केली, डिओ मारला, फरक नाही. आमचे दादा दिवसभर वावरात घाम गाळतात, एकच बनियन दोन दिवस घालतात, त्यांना असा वास कधी आला नाही. मग मलाच कामून? माझ्या अंगात काही रोग आहे का? डॉक्टरला दाखवायची लाज वाटते. मे महिन्यात बहिणीचं लग्न आहे, सगळ्या पाहुण्यांत मिसळायचंय. तेव्हा कोणत्या कापडाचे कपडे घेऊ तेही सांगा. नाव छापू नका."

लेकरा,

पत्र वाचून आधी तुझ्या पार्टनरांचा राग आला. मग वाटलं, दोरी बाहेर लावली हे एका परीनं बरंच केलं त्यांनी. का ते पुढं येईलच.

आधी रोगाचं मिटवू. कपडा धुऊन वाळल्यावर वास नसतो आणि अंगात घातला की दहा मिनिटांत येतो, हे तूच लिहिलंयस. नुकत्याच निघालेल्या घामाला जवळजवळ वासच नसतो, ते निव्वळ पाणी आणि मीठ. काखेतल्या ग्रंथींतून थोडा दाट, तेलकट घाम येतो, पण तोही ताजा असताना घाणत नाही. कातडीवर राहणारे जिवाणू तो खातात, त्यातून आम्लं तयार होतात, आणि त्या आम्लांचा तो आंबूस, बोकडाच्या जवळपास जाणारा वास. या सगळ्याला वेळ लागतो. दहा मिनिटांत भपका उठतोय म्हणजे तो आजचा घाम नव्हे. मागच्या आठवड्याचा, कदाचित दिवाळीच्याही आधीचा माल कापडात दडून बसलाय, आणि तुझ्या अंगाची ऊब आणि ओल लागली की तो बाहेर येतो.

माझ्या शब्दावर जाऊ नकोस, करून बघ. धुतलेला, वाळलेला तोच टी-शर्ट उलटा कर. इस्त्री कमी आचेवर ठेव आणि काखेच्या जागेवरून एकदा फिरव. लगेच नाक जवळ ने. अंगात न घालताच वास आला, तर आरोपी सापडला. मग काखेच्या त्याच जागी बोटांची चिमूट घासून बघ, जरा मेणचट लागेल. पाठीच्या कापडाला तसं लागत नाही. आता त्यावर पाण्याचा एक थेंब सोड. इतर ठिकाणी थेंब पसरतो, काखेत तो मण्यासारखा बसून राहील. तिथं तेलाचा थर साचलाय, आणि तुझी दुप्पट पावडर त्या थराच्या वरून वाहून जातेय.

आता तुझ्या 'मलाच कामून'चं बघू.

टी-शर्टच्या आतल्या शिवणीत एखादी चिंधी शिवलेली असेल तर वाच. शंभर टक्के पॉलिस्टर लिहिलेलं असणार. रस्त्यावरून घेतला असेल आणि चिंधी नसेल तर शिवणीतून एक सूत ओढ, चिमट्यात धर, न्हाणीत उभं राहून काडी लाव. सुती धागा कागदासारखा जळतो, राख बोटांनी चुरगळते. लोकर किंवा रेशीम असेल तर केस जळल्याचा वास. पॉलिस्टर मात्र वितळतं, आखडतं आणि टोकाला काळा कडक मणी धरतं. कापड दुकानातल्या जुन्या माणसांची ही परीक्षा आहे, आणि एखादा 'प्युअर कॉटन आहे हो साहेब' म्हणत असला की मी आजही ती मनातल्या मनात करत असते.

पॉलिस्टर म्हणजे काय, तर तू मैदानावर पाण्याची जी प्लॅस्टिकची बाटली नेतोस तिचाच सख्खा भाऊ. बाटली ज्या पदार्थाची, त्याचीच बारीक तार ओढून हे सूत होतं. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोन रसायनतज्ज्ञांनी हा धागा काढला, टेरिलिन नावाने तो बाजारात आला आणि आमच्या तरुणपणी तर त्याने वेड लावलं. आता स्वयंपाकघरात जा. प्लॅस्टिकच्या डब्यात आंब्याचं लोणचं ठेव, संपल्यावर डबा दहा वेळा घास. पुढच्या वर्षीही झाकण उघडलं की लोणचं. काचेची बरणी एका धुण्यात साफ होते. प्लॅस्टिकची तेलाशी सोयरीक असते, पाण्याशी नसते. तुझ्या टी-शर्टचंही तेच. अंगातलं तेल, काखेतला तेलकट घाम, त्यातली वास मारणारी आम्लं, सगळं त्याला प्रिय. पाणी मात्र त्याच्या धाग्यात शिरत नाही, त्यामुळं धुण्याचं पाणी आत जाऊन तेल ओढून आणू शकत नाही.

कापसाचं उलटं. हवेत साधारण ६५ टक्के आर्द्रता असताना १ किलो कोरडं सुती कापड स्वतःच्या पोटात ७० ते ८५ ग्रॅम पाणी धरून असतं, आणि हाताला ते कोरडंच लागतं. रेशीम ११० ग्रॅमच्या आसपास. लोकर त्याहून वर, दीडशे ग्रॅमच्या पुढंमागं. पॉलिस्टर जेमतेम ४ ग्रॅम. सुती धागा घाम पोटात घेतो, त्याबरोबर वासही घेतो आणि बराच आतच ठेवतो. धुतलं की पाणी धाग्याच्या आत शिरतं, धागा फुगतो आणि आतलं सगळं सोडून देतो.

जिवाणूंचीही आवडनिवड असते. बेल्जियमच्या घेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली एक गमतीचा प्रयोग छापला. २६ जणांना तासभर व्यायामाच्या सायकलवर घाम गाळायला लावला, त्यांचे टी-शर्ट २८ तास बंद ठेवले आणि मग वास पारखणाऱ्या माणसांसमोर ठेवले. (असल्या नोकरीला किती पगार मिळत असेल, हा माझा जुना प्रश्न आहे.) पॉलिस्टरचे शर्ट सुतीपेक्षा जास्त घाणत होते. 'मायक्रोकॉकस' नावाचे जिवाणू पॉलिस्टरवर चांगले फोफावले होते, आणि घामाला वास आणण्यात त्यांचा मोठा हात असतो. तुझं अंग तेच, घाम तोच, फक्त तू त्यांना मनाजोगतं घर दिलंस.

आता दादांच्या बनियनचं. ते सुती, ढगळ आणि वर उघडं. आपल्याकडची हवा, पावसाळ्याचे महिने सोडले तर, चांगली कोरडी. रांजणाच्या अंगावरचं पाणी वाऱ्यानं उडतं आणि आतलं गार होतं, तसंच वावरातल्या माणसाच्या ओल्या सुती बंडीचं होतं. वारा आला की घाम उडतो, अंग निवतं, कापड वाळतं, पाठीवर मिठाचा पांढरा नकाशा तेवढा राहतो. ओल राहत नाही म्हणून जिवाणूंना फावत नाही. हाच बनियन कोकणातल्या दमट हवेत घालून बघ म्हणावं, संध्याकाळपर्यंत अंगाला चिकटून राहील. आणि खरं सांगू का, दादांना अगदीच वास येत नसेल असंही नाही. गोठा, शेण, कडबा, वैरण या सगळ्यात तेवढा वास कुणाच्या नाकाला लागतो? नांदेडच्या दहा बाय दहाच्या खोलीत चार जणांच्या नाकांना लागतो.

सुताचा कैवार घेतला म्हणून त्याचं सगळंच गोड आहे असं समजू नकोस. सुताचा दोष वेगळा आहे. ते पाणी धरतं म्हणून वाळायला वेळ घेतं, आणि अर्धवट वाळलं की कुबटतं. पावसाळ्यात जीन्स, टॉवेल, वाकळ यांना जो ओल्या पोत्यासारखा वास येतो, तो घामाचा नव्हे. जपानमधल्या संशोधकांनी २०१२ साली त्यामागचा मुख्य जिवाणू ओळखला, 'मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस' असं त्याचं लांबलचक नाव. तो धुण्यातूनही तगतो आणि ओल मिळाली की परत उठतो. म्हणजे वास दोन आहेत, लेकरा. घामट आणि कुबट. घामट वास पॉलिस्टरचा, तेलातून येणारा, कापड खडखडीत वाळलं तरी आत दडून राहणारा. कुबट वास सुताचा, ओलीतून येणारा, कडक उन्हात एकदा वाळवलं की बहुतेक वेळा जाणारा. आधी कोणता वास आहे ते ओळख, मग औषध कर. पावसाळ्यात खोलीतल्या दोरीवर वाळवत होतास तेव्हा दोन्ही एकत्र झाले असणार. म्हणून म्हटलं, दोरी बाहेर गेली ते बरं झालं.

हे सगळं वाचून टी-शर्ट उकिरड्यावर टाकू नकोस. पळायला तो चांगलाच आहे. त्याच्या धाग्यांच्या मधल्या बारीक फटींतून घाम वर चढतो, दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसा, आणि बाहेरच्या बाजूला पसरून लवकर उडतो. सुती बनियन घालून सोळाशे मीटर पळालास तर शेवटच्या फेरीला तो ओला होऊन अंगाला चिकटेल, काखेत घासेल. चूक टी-शर्ट घालण्यात नाही, तो घालून पळून आल्यावर अभ्यासिकेत दुपारपर्यंत बसण्यात आहे. पळायला पॉलिस्टर, पळून झालं की अंघोळ करून सुती. तासाभराचं कापड तासाभरच घालायचं.

आता धुण्याकडे येते, आणि इथं जरा सविस्तर लिहिते, कारण चुका इथंच होतात.

मैदानावरून आल्यावर टी-शर्ट काढून गोळा करून बादलीत किंवा बॅगेत टाकत असशील आणि संध्याकाळी, नाहीतर दुसऱ्या दिवशी धूत असशील. तो ओला, कोमट गोळा म्हणजे जिवाणूंची पंगत. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलास तर पंगतीला मांडवही घातलास. त्यापेक्षा अंघोळ करताना टी-शर्ट उलटा करून पायाखाली टाक. अंगावरून पडणारं साबणाचं पाणी त्यावर जातं, पाय आपोआप चालतात. शेवटी एक-दोन तांबे स्वच्छ पाण्यात खळबळून पिळ आणि दोरीवर टाक. पाण्याचा वेगळा खर्च नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं तेव्हा आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत असंच धुणं व्हायचं, आणि कुणाचे कपडे घाणले नाहीत. घाम ताजा असताना पाण्यानंसुद्धा निघतो. एकदा तेलाचा थर वाळून बसला की बादल्या ओतून निघत नाही.

आता साचलेलं काढायचंय ते एका दिवसाचं काम. रविवारी कर. टी-शर्ट उलटा कर, काखा ओल्या कर आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाकून बोटांनी किंवा जुन्या टूथब्रशनं हळू चोळ. ते लिक्विड तेल काढण्यासाठीच बनलेलं असतं आणि इथं आपला शत्रू तेलच आहे. पंधरा मिनिटं तसाच राहू दे. मग अर्ध्या बादलीत अंघोळीपेक्षा थोडं जास्त गरम पाणी घे, हाताला सोसेल इतकंच, त्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळव आणि टी-शर्ट तासभर बुडवून ठेव. धुण्याचा सोडा म्हणतेय, खाण्याचा नव्हे. किराणा दुकानात सुटा मिळतो, स्वस्त असतो. हात फार वेळ त्यात घालू नकोस, कातडी रखरखीत होते. नंतर तीन पाणी बदलून खळबळ. इस्त्रीची परीक्षा परत कर. एका खेपेत नाही गेलं तर पुढच्या रविवारी पुन्हा. दोन-तीन खेपांत जातं. त्यावरही गेलं नाही तर त्या टी-शर्टचं आयुष्य संपलं असं समज आणि त्याचं पोतेरं कर.

उकळत्या पाण्यात मात्र घालू नकोस. आमच्या लहानपणी परीट धोतरं, चादरी, मांजरपाटाचे सदरे भट्टीवर सोड्याच्या पाण्यात उकळायचा. तिथं ना वास टिकायचा ना ऊ. सुती कापडाला ते सोसतं. पॉलिस्टर फार गरम पाण्यात गेलं की चुण्या कायमच्या बसतात, आणि त्यात लायक्रा असेल तर ते सैल पडतं. म्हणजे बघ, जे कापड उकळता येत होतं ते आपण सोडलं आणि जे उकळता येत नाही ते अंगाला लावलं. सोडा लोकरीला आणि रेशमाला चालत नाही हेही इथंच सांगून ठेवते, कुणी उत्साहाच्या भरात आईची पैठणी बादलीत टाकायला नको.

पावडर दुप्पट केलीस ती परत निम्मी कर. तुझ्या खोलीवर बोअरचं पाणी असणार. बोअरचं पाणी जड असतं, त्यात चुन्याचे क्षार. वडीचा साबण त्यात फेस धरत नाही, करडा चोथा होऊन कापडात बसतो. पावडर जास्त टाकली तर ती धुऊन काढायला पाणी जास्त लागतं, तेवढं आपण ओतत नाही, मग उरलेली पावडर धाग्यात राहते आणि तिला मळ चिकटतो. शेवटच्या खळबळीच्या पाण्यात पांढरा व्हिनेगर अर्धा कप टाकलास तर क्षारही सुटतात, वासही कमी होतो. सोडा आणि व्हिनेगर एकाच बादलीत एकदम टाकू नकोस, फेस बघायला छान वाटतो पण दोघं एकमेकांना मारतात आणि बादलीत नुसतं खारं पाणी उरतं. आणि व्हिनेगर ब्लिचिंगच्या पाण्यात तर कधीच नाही, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. बंद न्हाणीत जिवावर बेतू शकतं.

कपडे मऊ आणि सुगंधी करणारं जे निळं-गुलाबी पाणी मिळतं, ते खेळायच्या कपड्यांना लावू नकोस. ते धाग्यावर बारीक थर चढवतं, मग घाम वर चढायच्या फटी बुजतात. सुती टॉवेललाही लावू नये, तो पाणी पुसायचा सोडून नुसतं फिरवायला लागतो.

वाळवताना उलटा कर, काखा वर येतील असा टाक, दोन कपड्यांत वितभर अंतर ठेव. ऊन आपल्याकडं फुकट आहे आणि नको तितकं आहे, तेवढं तरी वापरू. पॉलिस्टर अर्ध्या-पाऊण तासात वाळतं, वाळलं की काढ; दिवसभर उन्हात ठेवून रंग उडवून घेण्यात शहाणपण नाही. पावसाळ्यात ऊन नसेल तर पंख्याखाली, पण भिंतीला चिकटून नको.

वॉशिंग मशीनवाल्या वाचकांसाठी एकच वाक्य, कारण त्यांचीही पत्रं येतात: पुढून दार उघडणाऱ्या मशीनच्या रबरी कड्यात बोट घालून बघा, तिथला काळपट बुळबुळीत थर तुमच्या टॉवेलला वास देतोय, तो पुसून महिन्यातून एकदा मशीन रिकामं, सगळ्यात गरम पाण्यावर फिरवा आणि धुणं झाल्यावर दार उघडं ठेवा.

डिओबद्दल. डिओ तू बहुधा टी-शर्टवरही मारतोस. त्यानं थर आणखी वाढतो आणि घामात सुगंध मिसळून तिसराच वास तयार होतो, तो मूळ वासाहून वाईट. अंगाला लावायचंच असेल तर रात्री, अंघोळीनंतर, कोरड्या काखेत घाम कमी करणारं लाव. सकाळी पळायच्या आधी घाईत फवारलेलं वाहून जातं. की मग न्हाव्याकडची तुरटी. ओल्या काखेत तुरटीचा खडा फिरवायचा आणि वाळू द्यायचं. घाम कमी करणाऱ्या महागड्या कांड्यांमधला मुख्य पदार्थ ॲल्युमिनियमचा क्षार असतो, आणि तुरटी त्याच कुळातली. नुकतीच दाढी केलेल्या काखेत मात्र लावू नकोस, आग होईल.

डॉक्टरकडं कधी जायचं तेही ऐक. कपडे बदलून, हे सगळं करूनही महिनाभरात फरक पडला नाही. अंगाला मासळीसारखा वास येत असेल. न पळता, पंख्याखाली बसूनही कपडे भिजत असतील. रात्री घामानं अंथरूण ओलं होत असेल. किंवा तहान फार लागून श्वासाला गोडूस फळासारखा वास येत असेल. शेवटचं असेल तर वाट बघत बसायचंच नाही. आणि जांघेत, काखेत गोल लाल खाजरे चट्टे उठले असतील तर तो नायटा. घामट घट्ट कपड्यांत तो फार फोफावतो, आणि चौघांत एक टॉवेल असेल तर चौघांनाही होतो. मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब आणून चोळू नकोस, चार दिवस बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतो. सरकारी दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरांसमोर रोज असे पन्नास जण उभे असतात, लाज कसली?

आता लग्नाचं. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण याबाबतीत माझ्याकडं घरचा अनुभव आहे.

आमच्या थोरल्या भावाचं लग्न परभणीत, ऐन मे महिन्यात, दुपारच्या मुहूर्तावर झालं. तेव्हा टेरिकॉटचा सफारी म्हणजे मोठी ऐट. इस्त्री मोडत नाही, धुऊन टाकला की सकाळी तयार, म्हणून सगळे वऱ्हाडी टेरिकॉटमध्ये आणि म्हातारे आजोबा तेवढे मांजरपाटाच्या सदऱ्यात, धोतरात. अक्षता पडेपर्यंत नवरदेवाच्या सफारीची पाठ काळी ठिक्कर ओली. टेरिकॉट म्हणजे अर्ध्याहून जास्त टेरिलिन आणि उरलेलं सूत. सूत घाम धरतं, टेरिलिन तो उडू देत नाही, मधल्यामध्ये माणूस शिजतो. आजोबा मांडवात वाऱ्याला पाठ करून खुशाल पान लावत बसले होते. भावाचा फोटोतला चेहरा आजही बघवत नाही.

हल्ली लग्नाला भाड्यानं किंवा विकत ज्या शेरवान्या, जोधपुरी मिळतात त्यांचं बाहेरचं कापड रेशमासारखं चमकतं पण बहुतेक पॉलिस्टर असतं, आणि अस्तर तर हमखास पॉलिस्टर. बाहेरचं परवडलं नाही तर राहू दे, पण अस्तराकडं बघ. अंगाला लागतं ते अस्तर. ही अक्कल काही माझी नव्हे, आपल्याच मुलखातल्या विणकरांची आहे. संभाजीनगरकडं मश्रू नावाचं कापड विणलं जायचं. वरून रेशीम, आतून सूत. पुरुषांनी रेशीम अंगाला लागू देऊ नये असा मुसलमानांत नियम, म्हणून विणकरांनी रेशमाचे धागे वर आणि सुताचे खाली राहतील अशी वीण बसवली. मान नियमाचा राखला, आणि उन्हाळ्यात अंगाला सूत लागण्याचं सुख वर मिळालं. तिथलाच हिमरू सूत आणि रेशमाच्या मिश्रणाचा. त्याची एखादी शाल खांद्यावर टाकलीस तर साध्या सदऱ्यालाही लग्नाचं रूप येतं.

माझं ऐकशील तर शेरवानीच्या नादी लागू नकोस. नांदेडला राहतोस, तिथं खादीला कमी नाही. तिरंग्याचं कापड विणणारी, झेंडा शिवणारी खादीची संस्था तिथलीच. २०२१ च्या शेवटी ध्वजसंहिता बदलून पॉलिस्टरच्या झेंड्यालाही परवानगी मिळाली. झेंडा पावसात लवकर वाळतो, त्याला ते चालत असेल. भाऊ म्हणून मे महिन्यात दुपारभर मांडवात राबणाऱ्या माणसाला चालत नाही. पांढरा किंवा फिक्या रंगाचा बारीक खादीचा कुर्ता शिवून घे, काखेत बोटभर ढगळ. करवल्यांनी अगदीच नाक मुरडलं तर वरून बिनबाह्यांचं जाकीट घाल, पण टेलरला आधीच सांग की अस्तर सुती लाव, आणि तो 'चालतंय की साहेब, काय फरक पडतोय' म्हणाला तरी कापड स्वतः आणून दे. आत सुती बनियन घालच. पुष्कळ पोरं उकडतं म्हणून बनियन काढून टाकतात, पण घाम टिपायला तेच असतं. दुसरा एक सुती बनियन दस्तीसारखी घडी करून जवळच्या पिशवीत ठेव. वरात निघायच्या आधी दोन मिनिटं न्हाणीत जाऊन काखा पाण्यानं धुऊन बनियन बदललास की संध्याकाळपर्यंतचा प्रश्न मिटला.

लग्न उरकलं की जाकीट लगेच घडी घालून पेटीत टाकू नकोस. उलटं करून रात्रभर वाऱ्यावर टांग. धनगराच्या घोंगडीकडं बघ, ती काही रोज धूत नाहीत, उन्हात टाकतात आणि झटकतात. लोकर भरपूर ओल आणि वास पोटात दाबून ठेवते, वाऱ्यावर टाकली की सावकाश सोडते. बाकीच्या कापडांना तेवढा दम नसतो, पण रात्रभराचा वारा सगळ्यांनाच लागतो.

आणि दोरी आता बाहेरच राहू दे. पार्टनरना सांग, तुमचीही तिथंच लावा.

– आक्का